गंगेवर ये

"आमच्या फुटाळ्याची मजाच वेगळी आहे जी!"

गंगापूर धरणाच्या काठावर डिसेंबरचा गार वारा सुटला होता. टेम्पो ट्रॅव्हलरमधले बाकीचे पाहुणे पाण्याकडे बघत गप्प उभे होते, आणि मागच्या सीटवरून उतरलेल्या या एकाच इसमाला नेमका नागपूरचा तलाव आठवला होता. मोहिनी गायधनीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती पंचवटीत जन्मलेली, शेखरकाकांच्या ट्रॅव्हल्समध्ये 'नाशिक दर्शन'ची गाइड. नाशिकला कोणी नावं ठेवली की ती आपल्यालाच ठेवली असं तिला वाटायचं.

"मग बसायचं होतं ना तिकडेच, फुटाळ्यावर!"

माइक चालूच होता. सगळी गाडी हसली. तोही हसला. हसला की मेल्याच्या गालाला खळी पडते, हे मोहिनीने तेव्हाच पाहिलं होतं... पण म्हणून काय झालं?

त्याचं नाव ललित घाटोळे. ओझरच्या विमान कारखान्यात महिन्याभराच्या ट्रेनिंगला आला होता. ट्रेनिंग संपलं की इथेच राहायचं की नागपूरच्या जुन्या नोकरीवर परत जायचं, ते त्याने कळवायचं होतं. "शहर पाहून ठरवतो म्हटलं," तो ऐटीत म्हणाला.

पुढच्या रविवारी गाडीत बघते तर हा पुन्हा हजर, त्याच मागच्या सीटवर!

"तुम्ही परत?"

"मागच्या टायमाला नीट पाहून नाही झालं ना."

आता यात नीट न पाहण्यासारखं काय होतं, देव जाणे. काळाराम मंदिरात तो म्हणाला, छान आहे. सीतागुंफेत वाकून जाताना त्याने कपाळ आपटून घेतलं आणि वर तिलाच विचारलं, "आधी काहून नाही सांगितलं?" चांगलं दोनदा सांगितलं होतं तिने, माइकवर! पांडवलेण्यांच्या अर्ध्या पायऱ्यांवर बसकण मारून त्याने सगळ्यांना ताटकळत ठेवलं. मिसळ खाताना डोळ्यांतून पाणी आलं तरी म्हणे, "तर्री कमी आहे." मोहिनीने आपल्या वाटीतली तर्री त्याच्या मिसळीवर ओतली. नाकाचा शेंडा लाल होईपर्यंत त्याने ती संपवली आणि मग तिच्याचकडे पाण्याचा ग्लास मागितला.

"आवडलं का नाशिक?" तिने दात-ओठ खात विचारलं.

"पाहून राहिलो."

त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. द्राक्षमळ्यात पाहून राहिलो, सोमेश्वरच्या धबधब्यावर पाहून राहिलो. शेखरकाका म्हणाले, "मोहिनी, असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं." कसलं डोंबलाचं भाग्य!  रविवार जवळ आला की हा येईल म्हणून तिची चिडचिड व्हायची, आणि आला नाही तर काय, या विचाराने त्याहून जास्त चिडचिड व्हायची.

शेवटच्या रविवारी तिने निळा कुर्ता इस्त्री केला. उगाच. दुसऱ्या दिवशी त्याला काय ते कळवायचं होतं.

धरणावर पोचल्यावर पाहुणे बोटिंगला गेले. ललितने आपला फोन तिच्यापुढे धरला. "पाण्यात पडेल माझा. ठेवता का पर्समध्ये?" तो बोटीत बसला, चक्कर मारून आला, आणि तिच्या शेजारी कठड्याला टेकून उभा राहिला. दूर पाण्यावर पाखरांचा थवा उतरत होता. वाऱ्याने तिची ओढणी त्याच्या हातावर जात होती आणि ती सारखी ओढून घेत होती.

"काय ठरलं मग?" तिने पाण्याकडेच बघत विचारलं.

"अजून... पाहून राहिलो."

झालं! महिन्याभराचं साठलेलं सगळं बाहेर आलं. "पाहून राहिलो, पाहून राहिलो! अहो, हे शहर आहे की स्थळ? इतकं तर कोणी मुलगी बघायला आल्यावरही बघत नाही!"

 तो हळूच म्हणाला, "आणि... दोन्ही असेल तर?"

 तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. पाहुणे गाडीत बसले होते, दुपारच्या फेरीची चांदवडची मंडळी ऑफिसात येऊन थांबली असणार होती. ती गाडीकडे धावली आणि धावता धावता मागे वळून म्हणाली, "संध्याकाळी पाचला गंगेवर ये! तिथे काय ते नीट सांग!"

"ये?" तो तिथूनच ओरडला. खळी पडली होती. "येऊ काहून? इथंच थांबतो की!"

हॉर्नच्या आवाजात तिला पुढचं ऐकूच आलं नाही. त्याला मागे ठेवून गाडी सुटली; तो आपला आपण येईल, असं तिने धरलं.

पाचच्या आधीच ती घाटावर दुतोंड्या मारुतीपाशी येऊन उभी होती. भेळेच्या गाड्या लागल्या, आरती झाली, पाण्यावर द्रोणांतले दिवे सोडून लोक घरी निघाले. ललितचा पत्ता नाही. आधी तिला राग आला. मग राग ओसरला आणि रडू यायला लागलं. गेला असेल नागपूरला. आता दर रविवारी माइक घेऊन तेच ते बोलायचं आणि मागच्या सीटवरून कोणी फुटाळ्याचं नाव काढायचं नाही. तिला तो हवा होता. त्या फुटाळ्यासकट हवा होता, आणि हे तिला आत्ता, तो आला नाही तेव्हा कळत होतं.

पर्समध्ये फोन वाजला. तिचा नाही, त्याचा! अगं बाई, फोन तर आपल्याकडेच राहिला. स्क्रीनवर 'आई' लिहिलेलं.

"ह... हॅलो?"

"कोण? मोहिनी का? तूच ना ती माइकवाली? अवं पोरी, तू आहेस कुठं? माझं पोरगं तिथं गारठून राहिलं ना!"

"कुठे?"

"धरणावर! वॉचमनच्या फोनवरून आत्ता बोलला माझ्याशी. फोन मोहिनीजवळ आहे, येऊन राहिली म्हणे. मी म्हटलं, पहिल्याच रविवारी कंपनीला 'राहतो' म्हणून सांगून मोकळा झालास, मग पोरीला सांगाले कायची लाज? तर म्हणे, आज सांगतो!"

मोहिनीने कपाळावर हात मारून घेतला.

स्कूटर तिने गंगापूर रोडवरून अशी हाणली की थंडीने डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बोट क्लबचं फाटक बंद झालं होतं. बाहेरच्या कट्ट्यावर, वॉचमनची घोंगडी पांघरून, ललित शेंगदाणे खात बसला होता.

"इथे काय करतोयस?"

"तूच म्हणालीस ना, गंगेवर ये."

"हे धरण आहे!"

"गंगापूर धरण. म्हणजे गंगाच ना?"

"अरे देवा! गंगा म्हणजे गोदावरी! घाटावर! नाशिकला सगळे गंगाच म्हणतात तिला!"

"तू कुठं म्हणतेस? माइकवर तर गोदावरीच म्हणतेस. रामकुंड म्हणतेस, गोदाघाट म्हणतेस. गंगा तर एकदाही नाही म्हटलं."

 खरंच की. "ते पाहुण्यांसाठी असतं," ती पुटपुटली. "घरात आम्ही... गंगाच म्हणतो."

ललितने शेंगदाण्यांची पुडी खाली ठेवली. "मग मला काहून म्हटलं?"

"चुकून."

"चुकून?"

"...नाही." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग एकदम आठवण होऊन कडाडली, "आणि तू? पहिल्याच रविवारी हो म्हणून बसलास? आईंनी सांगितलं मला! आणि मी इकडे तू जाशील म्हणून रोज जीव टांगणीला लावून बसलेय!"

"आधीच सांगितलं असतं तर मग दर रविवारी कोणत्या तोंडानं आलो असतो?"

"स्वतःच्या फोनवर तरी एक फोन करायचा होतास, मूर्खा! माझ्याकडेच होता ना तो."

"तूच तर ये म्हटलं होतं, म्हणजे तूही येणारच. येणाऱ्या माणसाला काय फोन करायचा?"

 ती त्याच्या शेजारी कट्ट्यावर बसली. त्याने अर्धी घोंगडी तिच्या खांद्यावर टाकली. घोंगडीला घोड्याच्या तबेल्यासारखा वास येत होता, तरी मोहिनीने ती काढली नाही.

"नाशिकचं राहू दे," ती म्हणाली. "मी आवडते का, तेवढं सांग."

"माइक चालू ठेवून झापलंस ना, तेव्हापासूनच." त्याने घोंगडी आणखी थोडी तिच्याकडे सरकवली. "तुझं सांग."

"मला तू आवडतोस. पण तुझा तो फुटाळा नाही आवडत. बघितलेलाही नाही आणि तरी डोक्यात जातो."

ललितने अंधारातल्या त्या अफाट पाण्याकडे पाहिलं.

"एक सांगू? कोणाला बोलू नको पण," तो म्हणाला. "फुटाळा लहान आहे याच्याहून. खूपच लहान आहे."

मोहिनी इतकी मोठ्याने हसली की वॉचमनने फाटकातून टॉर्च मारला. ती उठली, स्कूटरला किल्ली लावली आणि मागची सीट हाताने पुसली.

"बस. आता गंगेवर जाऊ."

"कोणत्या?"

"आपल्या," ती म्हणाली.