बयाबाईचा कठडा

लाईट गेली तर जाऊ द्या. रविराज, ती मोबाईलची बॅटरी बंद कर. अंधारात बसलं म्हणून कुणाचं काय वाईट व्हत न्हाई. वाईट करतो ते आपणच, आन् तेबी दिवसाढवळ्या.

तुमी पोरं नव्या पुलावरनं बुंगाट गाड्या नेता. खालच्या अंगाला जुना दगडी पूल हाय, तीन कमानीचा, चुन्यात बांधल्याला. कुणी बांधला, कुणाच्या राज्यात, कुणाला ठावं न्हाई. पलीकडं आमची दहा-बारा घरांची वस्ती. नवा पूल झाला आन् जुना बेवारस पडला. गावाला घबाडच गावलं. घडीव दगुड, तेबी फुकट. कुणी गोठ्याला नेला, कुणी न्हाणीला. फुकट ते पौष्टिक.

संपत माझा जिवाभावाचा दोस्त. धनगराचा, बापानं मेंढरं विकून शेती धरल्याली. मी तवा तळेगाव ढमढेऱ्याला वडापची जीप चालवायचो, शिटा भरून. संपत शेजारी बसून सगळं सांगायचा, म्हणून मला ठावं. त्याची आई बयाबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तरी रोज दिवेलागणीला पूल वलांडून बिरोबाला दिवा लावायला एकटी जायची. एक हात कठड्यावर, एका हातात दिवा. तेवढ्या एका अंगाचा कठडा गावानं तिच्यासाठी सोडला व्हता.

दोन हजार तीनचा शिमगा झाला आन् संपतनं घर बांधाय काढलं. जोत्याला दगुड कमी पडला. एका दुपारी त्यानं ट्रॅक्टर लावला, ऱ्हायलेला कठडा उचलून आणला. आईला राती जेवताना सांगू म्हणला. म्हातारी दिवेलागणीलाच गेली.

वढा कोरडा. खाली नुसता खडक.

गाव म्हणलं, म्हातारीचा तोल गेला. संपतबी तेच म्हणला.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून, एक खाली येईना. माणसं पुढं व्हऊन शब्द द्याया लागली. "बयाबाई, तुझ्या नातीला, रुपालीला शिकवू." "बयाबाई, बिरोबाचा दिवा इझू देणार न्हाई." कावळा हलला न्हाई. तिला काय पायजे ते तिथल्या एकूणएक माणसाला कळत व्हतं. पर 'कठडा परत बांधू' हे कोण म्हणणार? म्हणलं की आपापलं जोतं उकलायला लागतंय. मी संपतकडं बघितलं. त्यो जमिनीकडं बघत व्हता. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आन् मंडळी जेवाय बसली. जेवताना कावळ्यालाच नावं ठेवली. मला अजून त्या जेवणाची शिसारी येती.

त्याच सालची आखाडातली अवस. दिव्याची. मंगळवार व्हता. कणकेच्या दिव्यांसाठी संपत तळेगावला दळण घेऊन आला. गिरणीची लाईट गेली, ती यायला रात झाली. मी त्याला जीपनं फाट्यावर सोडला. नव्या पुलावरनं वळसा पडतो, म्हणून पिठाचा डबा डोक्यावर घेऊन त्यो जुन्या पुलाकडं निघाला. ह्याच्या पुढचं त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जीपमधीच सांगितलं.

अर्ध्यात गेला आन् मागनं आवाज आला. थप... हातानं दगुड चाचपावा तसा. आवाज खालनं येत व्हता. गुडघ्याच्याबी खालनं.

थप... थप...

त्यो थांबला. आवाज थांबला.

"संपत..."

त्यानं मागं बघितलं न्हाई.

"बाळा, कठडा कुठं हाय रं? हाताला लागंना..."

पोरांनो, तवा तरी बोलायचं व्हतं. आई, चुकलं, उद्या बांधतो. एवढंच. पर भ्यालेला माणूस खरं बोलत न्हाई.

संपत म्हणला, "पुढं हाय, आई. ये... पुढं हाय."

थप...

पूल संपला. आवाज संपला न्हाई. वाटेच्या मातीवर... थप. अंगणात... थप. संपत नव्या घरात शिरला. दार लावलं. कडी घातली.

मग बाहेरनं... भिंतीला.

रुपाली जागी झाली. "बाहेर कोण हाय, बाबा?"

"वारा हाय. नीज."

रातभर... थप... थप...

उजाडल्यावर बघितलं, तर बाहेरच्या भिंतीला काय न्हाई. ना डाग, ना वरखडा. संपतला वाटलं, सुटलो. पर दुसऱ्या राती पुन्हा. तिसऱ्या राती पुन्हा. महिन्याच्या आत त्यो बायको-पोरीला घेऊन दौंडला भाड्याच्या खोलीत गेला. घराला कुलूप. जोतं तसंच, पूल तसाच बोडका. आता गाव म्हणतंय, तिथं भूत हाय, त्या दगडाला हात कोण लावणार? भली सबब गावली.

संपतनं परवा मला फोन केला, म्हणला, वजीर, घर कसं हाय बघून ये. गेलो. भर दुपारी. भिंती कोऱ्या. पर निळ्या दारावर अख्खा पंजा उमटलाय. चुन्याचा. म्हाताऱ्या बाईचा, बारीक. एकावर एक... एकावर एक... गणती न्हाई. सहा वर्सं बंद हाय ते घर.

सगळ्यात वरच्या पंजाला मी बोट लावलं.

ओला व्हता.