चाळीस नंबरचा बिल्ला

दर बुधवारी दुपारी आमच्या दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते. नंबर लागावा म्हणून मावशी दारात पत्र्याचे बिल्ले वाटतात. त्या दिवशी चाळिसावा खिळ्यालाच टांगलेला दिसला.

"तो देत नाही, सिस्टर. गेल्या वर्षी चाळीस नंबरच्या बाईला 'उद्या ये' म्हणून परत पाठवलं. वाटेतच झटके येऊन गेली बिचारी. बाळ पोटातच राहिलं."

"मग दोष बिल्ल्याचा की आपला?" मी ताडकन बिल्ला काढून ढिगात टाकला. "आजपासून एकीलाही न तपासता पाठवायचं नाही!"

"नवी विटी, नवं राज्य," मावशी पुटपुटल्या.

साडेपाचला वीज गेली. माझे पाय भरून आले होते. एकोणचाळीस नंबरची पोरगी म्हणाली, "डोकं जरा ठणकतंय."

"ऊन लागलं असेल," मी म्हणाले. दंडाला पट्टा न बांधताच मागच्या महिन्याचा रक्तदाब तिच्या कार्डावर उतरवला. ती गेली.

खोलीत अंधारून आलं होतं. फिनेलचा वास जाऊन ओल्या मातीचा वास येऊ लागला. बाकावर अजून एकजण होती. चेहरा सुजलेला, मुठीत बिल्ला.

"चाळीस..." ती म्हणाली.

मी पट्टा बांधला. पारा चढला, सावकाश उतरला. कानात एकही ठोका नाही. मनगट धरलं. गार... नाडीच नाही. लाकडी नळी तिच्या पोटावर टेकवून कान लावला. टक-टक-टक... बाळाचे ठोके स्पष्ट होते.

"माझं राहू द्या, सिस्टर... तिला बोलवा. तिचंही बघितलं नाहीत तुम्ही."

मी पळत सुटले. एकोणचाळीस नंबरची बसच्या पायरीवर होती. हाताला धरून खाली उतरवली, परत आणून रक्तदाब मोजला. वरचा आकडा एकशे ऐंशी! तिला झटका आला तो मोठ्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर. मायलेकी वाचल्या.

"बरं झालं, तुमच्या लक्षात आलं," मावशी म्हणाल्या. मी मान खाली घातली.

बिल्ला पुन्हा खिळ्याला होता. नळी रिकाम्या बाकावर उभी होती. उचलण्याआधी कान लावला. लाकडातून टक-टक-टक...

तेव्हापासून दर बुधवारी सगळ्या गेल्या की मी बाकाला कान लावायचे. गेल्या बुधवारी ठोके नव्हते.

बाकाखाली कुणीतरी बारीक आवाजात रडत होतं.