डोळा शेवटी

सुरी त्या खिळ्याला आहे, फिदेलिया. घे काढून. बांबू चिरायला तिच्यासारखी दुसरी सुरी गावात नाही. माझ्या वडिलांची, तात क्रिसांतोंची आहे ती. तुमचं मंडळ यंदा वीस हातांचा पतंग करतंय म्हणे. आमच्या वेळी बायकांचं मंडळच नव्हतं. तात असते तर त्यांनी आधी नाक मुरडलं असतं, आणि मग तुम्हाला खळ कशी शिजवायची ते शिकवत संध्याकाळ घालवली असती. बस जरा, दिवा लावतो. उद्या पहिली नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस, आणि एक गोष्ट मला आज कुणाला तरी सांगायचीच आहे.

तात ऑगस्टपासूनच पतंगाला बसायचे. युकाच्या कंदाच्या पिठाची खळ शिजायची आणि तिला किडे लागू नयेत म्हणून तात तिच्यात लिंबाची साल टाकायचे. तो वास अंगणात आला की आम्ही समजायचो, आता वर्ष उतरणीला लागलं. नखाएवढे रंगीत कागदाचे तुकडे ते एकेक करून चिकटवत, आणि काम चालू असताना ओठ मिटून काहीतरी गुणगुणत. त्या आवाजाला ना चाल होती ना सूर. आई म्हणायची, घरात भुंगा पाळलाय. त्या दिवसांइतकं सुख मला पुढे कुठे मिळालं नाही, हे सरळच सांगतो.

त्यांचा एक नियम होता. पतंगावर पाखरू असो की जनावर, डोळा शेवटी. एकदा डोळा लागला की ते निघायला तयार झालं, मग त्याला थांबवायचं नाही.

शेवटच्या वर्षी त्यांनी पतंगावर दोन हरणं घेतली होती. मी विचारलं, ही कोण?

"एक मी, एक तुझी आई."

"आणि मी कुठे?"

खालच्या बाजूला हातभर कोरी जागा होती, तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं. "तुझी जागा राखून ठेवलीय. घाई काय आहे तुला? आधी लग्न कर."

सप्टेंबरच्या अखेरीस तात गेले. आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हरणाला डोळा लावला होता, आईचं हरीण तसंच राहिलं. उरलेलं काम मी पुरं केलं, कडेची झालर लावली, शेपूट बांधलं. त्या डोळ्याला मात्र हात लावायला मन धजेना. शेजारचे म्हातारे माकारियो म्हणाले, आंधळं हरीण उडवू नये. मी ऐकलं नाही.

पहिल्या नोव्हेंबरला कबरस्तानात तो पतंग चढला. झालर वाऱ्यावर घुमू लागली. वाईट आत्म्यांना पळवण्यासाठीच ती असते, पण मला तिच्यात तातांचं गुणगुणणं ऐकू आलं. दोरी एकाएकी जड झाली, दुसऱ्या टोकाला कुणी धरल्यासारखी. मी लहान मुलासारखा रडलो.

आता पतंग जाळायचा असतो हे तुला सांगायला नको. ज्याच्यासाठी उडवला त्याच्या कबरीशी जाळायचा, म्हणजे धुराच्या वाटेने तो परत जातो. चार वाजले, सगळ्यांचे पतंग पेटले. मला काडी ओढवेना. तातांच्या हातचं तेवढंच उरलं होतं. मी पतंग घोंगडीत गुंडाळून घरी आणला, देवदारी पेटीच्या तळाशी ठेवला आणि आईला सांगितलं, जाळला.

आठवडाभरात सुरू झालं ते. बरोबर चार वाजता पेटीतून घुमल्याचा आवाज यायचा. दारं-खिडक्या बंद, वारा नाही, पान हलत नाही... आणि आतून तो भुंगा. मला भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं. मी कामावरून चारच्या आत घरी यायला लागलो. वाटायचं, बाप घरात आहे.

आई मात्र वाळत चालली. एक दिवस कणसं सोलता सोलता तिने विचारलं, "तोरिबियो, पतंग जाळलास ना नक्की?"

"जाळला, आई."

"मग हे रोज दाराशी येऊन वाट का विचारतात रे? नीट दिसत नाही म्हणतात... कुणीतरी अडवून धरल्यासारखं वाटतं म्हणतात."

तेव्हा खरं बोलायला हवं होतं. मी कणसं उचलून आत गेलो. एक खोटं लपवायला दुसरं लागतं, त्यातली गत.

पुढच्या वर्षी सर्व संतांचा दिवस आला. आई सकाळीच झेंडूच्या पाकळ्या घेऊन कबरीवर गेली. मी ठरवलं, आज गुपचूप जाळून टाकायचा. पेटी उघडली तर लिंबाच्या सालीचा वास आला. घोंगडी सोडली. आईच्या हरणाला डोळा लावलेला होता. बोट लावून पाहिलं, खळ ओली होती. आणि खालच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने एका हरणाची नुसती आकृती काढलेली होती. रेघ तातांची होती. ती मी कुठेही ओळखीन.

मी धावत कबरस्तान गाठलं. आई कबरीला टेकून बसली होती. माझ्या हातातला पतंग तिने पाहिला, तरी ती रागावली नाही. मी काडी ओढली. धूर वर चढेना, जमिनीलगत सरकत तिच्या पायांशी आला. आई धुराकडे बघून हसली, आणि माझ्याशी नव्हे, माझ्या शेजारी कुणाशी तरी बोलली.

"चला हो. दिसली वाट."

मी हाक मारली तेव्हा ती गेली होती.

राखेत एक तुकडा तसाच राहिला होता, पेन्सिलीच्या हरणाचा. तो तेव्हाच आगीत ढकलायला हवा होता. पण दोघांचं मिळून माझ्यापाशी तेवढंच उरलं होतं. मी तो खिशात घातला. माझ्यासारख्याला एकदा शिकवून पुरत नाही.

तो फडताळातला बिस्किटांचा डबा दिसतोय ना, त्यात आहे तो. एकतीस वर्षं झाली. दर पहिल्या नोव्हेंबरला उघडतो, आणि दरवर्षी एक तुकडा नवीन चिकटवलेला असतो. आधी खूर लागले, मग पाय, पोट, कान. घाई नाही त्यांना. मीही लग्न केलं नाही, वाटायचं, तेवढाच वेळ मिळेल. दोनदा जाळायलाही गेलो, आणि दोन्ही वेळा काडी विझवून परत आलो.

गेल्या वर्षी शिंगं पुरी झाली. आता फक्त डोळा उरलाय.

सुरी परत आणायची घाई करू नकोस, पोरी. आणि एक सांग, तुम्ही खळ आज शिजवलीत का? नाही ना... मग सकाळपासून माझ्या घरात हा लिंबाच्या सालीचा वास येतोय, तो तुलाही येतोय का?