खोटं म्हणायचं राहून गेलं

चौथीत मी दोनदा बसलो. गुरुजींना माझ्यावाचून करमत नव्हतं, दुसरं काय! तरी नोकरी अशी मिळाली की पदवीवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत. सिनेमाच्या स्टुडिओत लहान मुलांना रडवायची. हसू नका, आणि त्या कंदिलाची वात जरा मोठी करा.

पोरांच्या डोळ्यांत ग्लिसरीन घातलं की ती चोळून चोळून डोळे लाल करतात. म्हणून शॉटच्या आधी मी कानात एक थाप मारायचो. "तुझा कुत्रा हरवला." पोरानं भोकाड पसरलंच! शॉट संपला की तीन टाळ्या वाजवून म्हणायचो, "खोटं, खोटं, खोटं!" की पोर खुदकन हसायचं. त्या टाळ्या चुकवायच्या नाहीत, हा माझा नेम.

एकदाच चुकला.

टिकली सहा वर्षांची होती. भिंतीभिंतीवर तिच्या गुबगुबीत गालांची पोस्टरं चिकटवलेली. घर तिच्या जिवावर चालायचं, आणि तिला अजून पेन्सिल धरता येत नव्हती. त्या दिवशी ती इतकी दमली होती की रडूच येईना. मी कानात म्हणालो, "आईनं दुसरी मुलगी आणलीय. तुझ्याहून लहान."

अशी रडली, की दिग्दर्शक म्हणाला, "टाळ्या नकोत. जेवणानंतरही असंच रडू पाहिजे."

तिला मेकअपच्या तीन नंबरच्या खोलीत एकटी बसवली. मी जेवलो आणि ढाराढूर झोपलो. उठलो तेव्हा शूटिंग आटोपून आई तिला घेऊन गेलेली. दुसऱ्या दिवशी टाळ्या वाजवल्या, तर पोरगी नुसती बघत राहिली.

बाराव्या वर्षी ती उंच झाली, गाल उतरले. मग आई खरंच दुसरी मुलगी घेऊन आली. टिकलीचीच धाकटी बहीण, टिकलीच्याच फ्रॉकमध्ये.

त्यानंतर टिकली दिसली ती थेट गेल्या महिन्यात, माझ्या दारात. केस पिकलेले.

"काका, ओळखलंत?"

"गाल कुठं ठेवून आलीस गं?"

हसली नाही. "आई गेली, काका. मला रडू आलं नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, त्या दिवसानंतर कधीच आलं नाही. आता सोमवारी स्टुडिओ पाडणार आहेत. तिथला चौकीदार म्हणतो, दुपारी तीन नंबरच्या खोलीत लहान मुलगी रडते..."

"मांजर असेल."

"मीच आहे ती. चला... तिला सांगा ना."

जिवंत माणसाचं भूत! जन्मभर मी लोकांना टोप्या घातल्या, आज ही मला घालतेय वाटलं. तरी तिच्याबरोबर गेलो.

भर दुपार. उन्हानं पत्रे कुरकुरत होते. आत काळोख, पावडरीचा शिळा वास, आरशांवर बोटभर धूळ. बोळात पाऊल टाकलं आणि ऐकू आलं... हुंदका. दाबलेला, दमलेला. हजारांत ओळखला असता मी तो. माझ्याच हातचा माल.

दार ढकलायचा धीर झाला नाही. बाहेरूनच तीन टाळ्या वाजवल्या.

"खोटं गं, टिकले... खोटं... खोटं..."

हुंदका थांबला. माझ्यामागं ती बाई भिंतीला टेकून खाली बसली, ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. इतक्या वर्षांचं सगळं एकदम. मला वाटलं, सुटलो बुवा.

तेवढ्यात दाराआडून, अगदी हळू...

"मग आई कुठंय?"

बाईनं वर पाहिलं. आई गेली, हे खरं सांगून टाकायला हवं होतं. पण जित्याची खोड! मी म्हणालो, "येतेय हं. बस तिथंच."

सोमवारी स्टुडिओ पाडला. टिकली आता फोन करते, रडते, हसतेसुद्धा. तिचं बरं झालं.

माझ्या दाराबाहेर एक बाक आहे. त्या मंगळवारपासून रोज दुपारी तो करकरतो, कुणी पाय हलवत बसावं तसा. आज जेवून पडलो होतो, तर बाहेर टाळ्या वाजल्या... तीन. इवल्या तळव्यांच्या.

धीर करून दार उघडलं. बाकावर कुणी नव्हतं. बाक मात्र अजून हलत होता... लहान पोर नुकतंच उडी मारून, माझ्या बगलेखालून घरात शिरल्यासारखा.