मंद आचेवरचं गाणं

दार उघडंच होतं. आत एक जण हातात जाड मोजे घालून भट्टीसारख्या पेटीत डोकावत होता. खोलीभर उबदार वास पसरला होता, जुनं पुस्तक उन्हात ठेवल्यावर येतो तसा.

“माफ करा, चुकले वाटतं,” मी म्हटलं. “मला रेकॉर्डिंग स्टुडिओ हवा होता.”

“हाच तो. या ना.”

“मग हे... भाजताय काय?”

“एका गायिकेचा आवाज.”

“अहो, ती माझी मावशी आहे!”

त्यानं चटकन कपाळाला हात लावला, मोज्यासकट. कपाळ पोळलं तेव्हा स्वतःच हसला.

“जुन्या टेपा दमट हवेनं चिकट होतात,” तो म्हणाला. “तशाच वाजवल्या तर गाणं सोलून निघेल. म्हणून मंद आचेवर शेकायच्या. मग थोडे दिवस नव्यासारख्या वाजतात.”

“आणि घाई केली तर?”

“तर टेपही जाते, गाणंही.” त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. “मी घाई करत नाही.”

एके काळी मावशीची पॉप गाणी दुकानादुकानातून वाजायची. मग एक दिवस तिनं गाणंच सोडलं. कधीच बाहेर न आलेल्या तिच्या गाण्यांचा अल्बम आता कंपनीला काढायचा होता. मावशीनं एकच अट घातली होती — “मी नको म्हणेन ते गाणं बाहेर जाणार नाही. आणि लक्ष तू ठेवायचंस.” मी शब्द दिला. दिलेला शब्द माझ्या लेखी नेमासारखाच. कुरकुर न करता, रोज पाळायचा.

म्हणून मी रोज दुपारी तिथं जाऊन बसू लागले. घरी मावशीशी बोलताना त्याचं नाव मी कानसेन ठेवलं.

“इथं कुणीतरी खुर्चीत अवघडून बसलंय,” एकदा टेप थांबवून तो म्हणाला.

“तेही ऐकू येतं तुम्हाला?”

“येतं. तुम्ही वर येताना दाराबाहेर थांबता, तेही येतं.”

“जिना चढून दम लागतो मला!”

“दम लागलेला श्वास निराळा असतो हो,” तो बटणांकडे बघत म्हणाला. “तुम्ही... केस सारखे करता.”

मी खिडकीकडे वळले. बाहेर बारीक पाऊस पडत होता, आणि मला तो अचानक फारच बघण्यासारखा वाटू लागला!

शेवटच्या टेपवर एक संथ गाणं निघालं. मावशीचा आवाज त्यात दुधावरच्या सायीसारखा. शेवटची ओळ सुरू झाली... आणि गाणं तुटलं. खुदकन हसू. एका पुरुषाचा आवाज — “काय झालं?” मग मावशी — “काही नाही. शब्द विसरले.”

त्यानं टेप थांबवली.

“अल्बममधलं सगळ्यात सुंदर,” तो हळूच म्हणाला.

घरी मावशीला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले.

“काचेपलीकडे गिटार घेऊन तो बसला होता. माझ्याकडे बघून हसला, आणि मला पुढचं आठवेना. पुढे तो त्याच्या वाटेनं गेला, ती ओळ राहिलीच.” मग नेहमीच्या आवाजात, “गाणी विका म्हणावं खुशाल. ते हसू विकायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी मी त्याला तसंच सांगितलं. तो मान खाली घालून बसला.

“कंपनीच्या साहेबांचा फोन होता. त्यांना नेमकं तेच हवंय. म्हणाले, अल्बम निघाल्यावर मावशी काय करणारेत?”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं... विचार करतो.”

“यात विचार करण्यासारखं आहे काय?” माझा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. पण छत्री घ्यायची राहिली. भिजत घरी आले, ते परत गेलेच नाही. मावशीला दिलेला शब्द त्याच्या हातात, आणि माझं मन... तेही बहुधा तिथंच राहिलेलं.

काही दिवसांनी बेल वाजली. दारात तो. एका हातात माझी छत्री, दुसऱ्या हातात टेपचा चपटा डबा.

“ही तुमची,” त्यानं डबा मावशीपुढे धरला. “कॉपी होती ती पुसून टाकली. कंपनीलाही तसं कळवलंय.”

“चिडले असतील,” मावशी म्हणाली.

“पुढच्या कामाला बोलावणार नाहीत.”

“मग ‘विचार करतो’ कशाला म्हणालात?” मी विचारलं.

“पुसायच्या आधी एकदा ऐकायचं होतं. तुमच्याबरोबर.” तो छत्रीची मूठ फिरवत राहिला. “तुम्ही आलाच नाहीत.”

“मग एकट्यानं ऐकलंत?”

“नाही. एकट्यानं... नाही ऐकवलं.”

मावशीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“अरे, ही टेप अजून वाजेल का?”

“वाजेल. पण पुन्हा चिकटायच्या आत ऐकायला हवी.”

“मग उभा काय राहिलास? चल. चप्पल घालते.”

त्या दुपारी आम्ही तिघं स्टुडिओत बसलो. मावशी पुढच्या खुर्चीत, आम्ही मागं मशीनपाशी. गाणं चढत गेलं, तुटलं, ते हसू आलं, ‘शब्द विसरले’ आलं. टेप नुसतीच फिरत राहिली.

आणि त्या शांततेत मावशी गायली. थकलेल्या, खोल गेलेल्या आवाजात, ती राहिलेली ओळ. पूर्ण.

सवयीनं त्याचा हात रेकॉर्डिंगच्या लाल बटणाकडे गेला. मी श्वास रोखला. बोट बटणाच्या वर थांबलं... मागे आलं... आणि माझ्या हातावर अलगद टेकलं.

मावशीनं मागं वळून पाहिलं नाही. “काय रे कानसेन, आलं का सगळं ऐकू?”

“आलं,” तो म्हणाला. मग अगदी हळू, मला एकटीला — “तुम्ही काहीच बोलला नाहीत?”

मी हात काढून घेतला नाही.

“शब्द विसरले,” मी म्हटलं.