समासातली दोन वर्षं

अभ्यासिकेत बोलायला बंदी होती, उसासे टाकायला नव्हती. म्हणून आम्रपालीने त्या सकाळचा सतरावा उसासा टाकला... आणि शेजारून एक चिठ्ठी सरकत आली. 'कृपया उसासे बाहेर जाऊन टाकावेत. – टेबल क्र. ३१.'

तिने रागाने पाहिलं. शेजारचा तरुण गंभीर चेहऱ्याने पुस्तकात डोकं घालून बसला होता, पण कान लाल झाले होते.

तिचं दुखणं साधं होतं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा दहा दिवसांवर आलेली. घरी, खडकीच्या सरकारी क्वार्टरमध्ये, जागा नाही म्हणून तिने दोन वर्षांच्या वह्या स्कॅन करून ई-रीडरमध्ये भरल्या आणि वह्या रद्दीत दिल्या. आता त्या यंत्रावर अक्षर मुंगीएवढं दिसे. मोठं करावं तर अर्धी ओळ पडद्याबाहेर! आणि 'हा शेवटचा प्रयत्न' असं ती घरी कबूल करून बसलेली.

चिठ्ठीमागे तिने लिहिलं, 'मग अक्षर मोठं करून द्या.'

टेबल एकतीस म्हणजे लोणी काळभोरचा सुदर्शन. चहाच्या टपरीवर त्याने यंत्र न्याहाळलं.

"आवो, चारी बाजूंनी कोरी पट्टी सोडलीय. ती कापली की अक्षर आपोआप मोठं. सगळ्या पीडीएफ यातच हायत ना? यंत्रच द्या, उद्या आणतो."

दुसऱ्या दिवशी अक्षर खरंच टपोरं झालं होतं. फायलींना विषयवार नावंसुद्धा! त्याला मिठी मारावी असं तिला वाटलं... आणि पुढच्याच मिनिटाला गळा धरावासा वाटला.

"समास कुठे गेले?"

सगळी अभ्यासिका वळून बघायला लागली. सुदर्शनने तिला घाईघाईने बाहेर आणलं.

"अहो, समासातच तर सगळं होतं! कलमं, आकडे, उदाहरणं!"

"पेन्सिलीचं फिकट होतं... मला वाटलं, स्कॅनचे डाग हायत."

"जुन्या फायली?"

"त्यांच्यावरच सेव्ह केलं."

"धन्य आहात!" म्हणता म्हणता तिचे डोळे भरून आले. दोन वर्षं एका माणसाने साफसफाईत काढून टाकली होती.

सुदर्शनने खिशातून पेन काढलं. "माझी चूक हाय. आठवेल तसं सांगा, मी लिहून घेतो. पूर्वपरीक्षेतच उडालोय मी, मला वेळच वेळ हाय."

मग रोज टपरीवर ती चिडून सांगायची, तो मुकाट्याने लिहायचा. आश्चर्य म्हणजे तिला सगळं आठवत होतं. "हे कलम चुकलं!" "मुद्दाम चुकवलं. आठवतंय का, बघत होतो." या भांडणात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणाच्याच लक्षात आलं नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शेवटचं पान आलं.

"याच्या समासात काय व्हतं?"

"काहीच नव्हतं..." ती थांबली. मग नेहमीच्याच वैतागलेल्या आवाजात म्हणाली, "आता लिही. सुदर्शन हा अत्यंत उपद्रवी माणूस आहे – पण तो मला हवा आहे."

त्याचं पेन थबकलं. मग त्याने शब्दन् शब्द लिहून काढला, खाली रेघ ओढली, आणि वर न बघता विचारलं, "हे परीक्षेला येणार का?"

"येणार," आम्रपाली म्हणाली. "अनिवार्य प्रश्न आहे. आणि सोडवायचा तुला आहे."