आत्याच्या बटव्यातली पेपरमिंट

चर्चमागच्या दफनभूमीत कुणीतरी एका थडग्यापाशी गुडघे टेकून बसलं होतं. भुरभुर पाऊस, सरोवरावरून येणारा गार वारा... आलिडाला वाटलं, बिचाऱ्याचं काहीतरी पडलं असेल.

"काही हरवलंय का?"

त्यानं मान वर केली. दगडावरची अक्षरं खरवडून बोटांना शेवाळ लागलेलं, चष्म्यावर थेंब. "हो — शंभरेक वर्षं. तुमच्याकडे आहेत का?"

"आमच्या आत्याकडे असतील," ती हसू दाबत म्हणाली. "पण ती सहजी देणारी नाही."

तो वेसेल ड्युकर, कॉलेजच्या संग्रहालयातला. हॉलंडहून बोटीनं येऊन मिशिगनच्या जंगलात गावं वसवणाऱ्यांच्या आठवणी तो गोळा करी. त्यांच्या पहिल्या लाकडी चर्चमधल्या एका स्तोत्राची संथ चाल आता एकट्या क्लासिना आत्यालाच येत होती, आणि आत्या होती नव्वदीची. दर शनिवारी तो टेपरेकॉर्डर घेऊन येई. आत्या त्याला वाटाण्याचं दाट सूप वाढी, चाल मात्र देईना. देवाचं गाणं यंत्रापुढं कसलं गायचं, म्हणे.

रविवारी प्रवचनाआधी आत्याच्या बटव्यातल्या पेपरमिंटच्या गोळ्या बाकावर हातोहात फिरत. शेवटच्या बाकावरून वेसेल बघत राही.

"मला नाही मिळाली," घरापर्यंत सोबत येऊन फाटकाशी तो म्हणे.

"पाहुण्यांना नसते," आलिडा म्हणे... आणि फाटक लावायला तिला फार वेळ लागे.

एका रविवारी आत्या-भाचीनं त्याला जेवायला ठेवून घेतलं. कॉफी पिता पिता, खिडकीबाहेर बघत, आत्यानं एकाएकी सूर लावला. बारीक, पण जराही न हलणारा. यंत्र कालपासून तिथंच होतं. वेसेलचा हात तिकडे गेला.

"आज रविवार आहे," आलिडा हळूच म्हणाली.

रविवार देवाचा; या घरात त्या दिवशी सुईत दोरासुद्धा ओवत नसत. तरी ते बोलणं तिला जड गेलं. इतके महिने तो याच्यासाठीच झुरत होता. एक बटण दाबायचं होतं, आणि तेच तिनं अडवलं होतं.

त्यानं हात मागं घेतला. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "आत्या, पुन्हा म्हणाल? मी तुमच्यामागून म्हणतो."

"शिकायचंय होय," आत्या म्हणाली. "मग आधी नाही का बोलायचं, पोरा."

दिवेलागणीपर्यंत ती त्याला शिकवत राहिली. त्याच आठवड्यात, झोपेतच, आत्या गेली.

अंत्यविधीला पाद्रीबाबांनी खूण केली तसा वेसेल शेवटच्या बाकावरून उठला आणि गाऊ लागला. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. तिसऱ्या ओळीशी तो अडखळला... थांबला. आत्याबरोबर चालही मातीत जाणार होती. लहानपणापासून ती आलिडाच्या कानावर होती; ओठांवर कधी आलीच नव्हती. ती उभी राहिली. तिसरी ओळ तिनं उचलली, आणि चौथ्या ओळीला त्याचा आवाज तिला येऊन मिळाला.

प्रवचन सुरू व्हायच्या आत ती पुढचा बाक सोडून, सगळ्या गावादेखत, मागं त्याच्याशेजारी येऊन बसली. आत्याचा बटवा उघडून तिनं एक पेपरमिंट त्याच्या तळहातावर ठेवली.

"पाहुण्यांना नसते ना?" तो कुजबुजला.

"नसतेच," आलिडा म्हणाली, आणि त्याची मूठ मिटून दिली.